बोरघाटाचा चढ : सायकलीवरून केलेलें एक निरीक्षण

घाटवाटांचा इतिहास लिहितांना आपलें लक्ष बहुधा तीन गोष्टींकडे जातें : त्या वाटेनें कोण गेलें, केव्हां गेलें, आणि वाटेवर चौकी व जकात कोणाची होती. या तिन्ही गोष्टींस दप्तरांत आधार सांपडतो, म्हणून त्यांचा शोध होतो. चौथी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाटेचा चढ. एखादी वाट शंभर हातांत किती हात वर जाते, हें पत्रलेखक सहसा लिहीत नाहीं. ज्याला जावयाचें आहे त्याला तें पायांनीं कळतें, आणि ज्याला पत्र पाठवावयाचें त्याला तें कळविण्याचें प्रयोजन नसतें. परंतु त्या वाटेनें नुसता माणूस जाणार, लादलेला बैल जाणार, कीं गाडी जाणार, हें या चौथ्या गोष्टीवरच ठरतें; आणि गाडी जाते कीं नाहीं यावर व्यापार व मोहीम या दोहोंचेंही पुष्कळ अवलंबून असतें.

हा चढ अनुभवण्याचें एक साधें साधन आज घरोघर आहे. तें म्हणजे सायकल. सायकलीचा आणि इतिहाससंशोधनाचा संबंध काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मोटारींत बसणाऱ्यास घाट दिसतो, पण कळत नाहीं. पायीं जाणाऱ्यास तो कळतो, पण चाकाची अडचण त्याच्या ध्यानांत येत नाहीं. चाकावर बसून स्वतःच्या बळानें चढणारा मनुष्यच गाडीच्या बैलाच्या जागीं उभा राहतो. या विचारानें आम्ही तिघे एका हिवाळ्यांत खोपोलीहून खंडाळ्यास जुन्या रस्त्यानें सायकलीवरून गेलों. दोघांच्या सायकलींस गिअर होते. तिसरी सायकल जुन्या घडणीची, काळी, बिनगिअरची, अशी मुद्दाम घेतली होती. त्या चढाईंत जें कळलें तें उपलब्ध इतिहासाशीं ताडून पाहिलें असतां एक निष्कर्ष निघतो. तो वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

(१) चाकापूर्वींचा घाट

बोरघाटाची वाट प्राचीन आहे, याविषयीं वाद नाहीं. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणीं आहेत. खालच्या अंगास राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचें लेणें आहे. वर व खालीं अशी लेण्यांची जोड असणें ही व्यापारी मार्गाचीच खूण होय. कोंकणांतील मीठ व तांदूळ वर आणावयाचा आणि देशावरील माल खालीं न्यावयाचा, हें काम शतकानुशतकें बैलांच्या पाठीवरून चाललें. लमाणांचे तांडे या कामांत निष्णात होते. पाठीवर गोणी लादलेला बैल जी वाट चढतो, ती चढण्यास गाडीस जोडलेला बैल असमर्थ ठरतो. म्हणून सह्याद्रीच्या बहुतेक वाटा पायांच्या होत्या, चाकांच्या नव्हत्या; आणि त्या तशा असण्यांत देशावरील सत्तेचें एक प्रकारें संरक्षणच होतें.

याची साक्ष दोन-तीन प्रसंगांत मिळते. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजीमहाराजांनीं उंबरखिंडींत कारतलबखानास कोंडलें. शाइस्ताखानानें पाठविलेली ही फौज लोणावळ्याच्या बाजूनें कुरवंड्याच्या घाटानें उतरून कोंकणांत जात होती. संख्येनें मोठी, सामानानें जड अशी फौज अरुंद व तीव्र उताराच्या वाटेंत एकदां शिरली, कीं तिला मागें वळतां येत नाहीं व पुढेंही पसरतां येत नाहीं. महाराजांनीं शत्रूची संख्याच शत्रूवर उलटविली, आणि त्या कामांत घाटाचा उतार त्यांचा साथीदार झाला.

दुसरा प्रसंग बोरघाटाचाच. डिसेंबर १७७८ मध्यें मुंबईकर इंग्रजांच्या फौजेची आघाडी घाट चढून खंडाळ्यास आली. त्या मोहिमेंत सुमारे ३,९०० शिपाई आणि तोफा व सामान यांकरितां सुमारे १९,००० बैल होते. माणसामागें चार-पांच बैल, हें प्रमाण वाचून प्रथम आश्चर्य वाटतें. ज्यानें हा घाट स्वतः चढला आहे त्याला मात्र तें वाटत नाहीं. जानेवारी १७७९ मध्यें कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या बखरींतील इष्टुर फांकडा, पडला. पुढें तळेगावाहून माघार घेतांना जड तोफा तेथील तळ्यांत टाकून द्याव्या लागल्या, आणि त्याच महिन्यांत वडगावचा तह झाला. १७८१ मध्यें जनरल गॉडर्डनें बोरघाट पुन्हां घेतला. परंतु पनवेलहून घाटापर्यंत रसद पोंचविण्याच्या कामींच परशुरामभाऊ पटवर्धन प्रभृति सरदारांनीं त्यास जेरीस आणलें, व एप्रिलमध्यें त्यास मोठी हानि सोसून परतावें लागलें. या दोन्ही मोहिमांत मराठ्यांचा पराक्रम व नाना फडणीस, महादजी शिंदे यांची योजना हीं मुख्य कारणें होत, यांत शंका नाहीं. तथापि हलक्या घोडदळास जी वाट सोपी, तीच जड तोफखान्यास व रसदेस घातक होती, हेंही कारण त्यांच्या शेजारीं मांडलें पाहिजे.

(२) रुंदी आणि चढ

इंग्रजांनीं हा धडा विसरला नाहीं. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्ली यानें बोरघाटाची वाट तोफा नेण्याजोगी करविली. पुढें नोव्हेंबर १८३० मध्यें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम यानें घाटांतील गाडीरस्ता खुला केला व तो स्वतः मंडळींसह घोडागाड्यांतून घाट उतरला. या दोन नोंदी वाचून साहजिकच प्रश्न पडतो : १८०४ मध्यें रस्ता झाला होता, तर १८३० मध्यें नवें तें काय झालें? कित्येक लेखक पहिल्या कामास आरंभ व दुसऱ्यास पूर्ति समजतात, किंवा जुना रस्ता रुंद केला, एवढेंच म्हणून पुढें जातात.

या प्रश्नाचें उत्तर बिशप हेबर यांच्या १८२५ च्या प्रवासवर्णनांत आहे. ते त्या वर्षीं मुंबईहून पुण्यास गेले. घाटांतील रस्ता रुंद व चांगला आहे, परंतु इतका चढाचा आहे कीं भरलेली गाडी किंवा पालखी वर नेणें फार कठीण. सर्व लोक पायीं वा घोड्यावरून जातात आणि माल बैलांवरून व घोड्यांवरून जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही साक्ष निर्णायक आहे. वेलस्लीच्या रस्त्यास रुंदीची उणीव नव्हती. उणीव होती ती सौम्य चढाची. तोफ हें वर्षांतून एकदां वर न्यावयाचें ओझें होय. तिला शंभर माणसें व वीस बैल लावतां येतात. व्यापाऱ्याच्या गाडीस दोनच बैल असतात आणि ती रोज चढावी लागते. म्हणून १८०४ चा रस्ता लष्कराचा राहिला व १८३० चा बाजाराचा झाला. त्या वर्षीं झालेलें खरें काम म्हणजे वळणें वाढवून चढ कमी करणें. रस्ता लांबला, आणि लांबल्यामुळेंच तो सोपा झाला.

(३) बैलाचें व सायकलस्वाराचें गणित

येथें आमच्या सायकलीची साक्ष उपयोगीं पडते. खोपोली ते खंडाळा या सुमारें नऊ-दहा किलोमीटरांच्या जुन्या रस्त्यांत साडेचारशे मीटरांहून थोडी अधिक उंची चढावी लागते. म्हणजे सरासरी चढ सुमारें वीसांत एक. मधून मधून तो यापेक्षां पुष्कळ तीव्र होतो, व शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास त्याची खरी परीक्षा आहे.

प्रथम बैलाचें गणित पाहूं. बैल आपल्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका जोर दीर्घकाळ लावूं शकतो. चारशे किलो वजनाची बैलजोडी म्हटली, तर दोहोंचा मिळून जोर ऐंशी किलो होतो. एक टन वजनाची भरलेली गाडी वीसांत एक अशा चढावर मागें ओढते ती पन्नास किलोंनीं. चाकांचें घर्षण धरून पंचाहत्तरच्या आसपास. जोडी तेवढें पेलते. चढ दहांत एक झाला, कीं तेंच ओझें सव्वाशेंच्या घरांत जातें, आणि मग जोडी थांबते. चाकाखालीं दगड लावावा लागतो, दुसरी जोडी जोडावी लागते, किंवा माल उतरवावा लागतो. गाडीरस्त्याचा सरासरी चढ वीसांत एक येतो तो अकस्मात् नव्हे. तो बैलाच्या खांद्यानें ठरविलेला आहे.

आतां सायकलीचें गणित. बिनगिअरच्या जुन्या सायकलीस पुढील चकतीला ४४ व मागील चकतीला १८ दांते धरले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत ती पांच मीटरांहून अधिक जाते. सपाटीवर हा मोठा लाभ आहे. चढावर तोच शाप होतो. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर वीसांत एक चढावर पायडलावर सरासरी वीस किलो जोर पडतो. दहांत एक चढावर तो चाळीस होतो, आणि पाय आडवा असण्याच्या क्षणीं साठ-पासष्ट किलोंपर्यंत जातो. म्हणजे पासष्ट किलो वजनाच्या मनुष्यानें पायडलावर सगळा देह उभा केला, तरी कसाबसा तोल साधतो. यापुढें बळ वाढविण्यास त्याच्यापाशीं वजनच उरत नाहीं. थोडक्यांत, ज्या चढावर बैलजोडी थांबते त्याच चढावर बिनगिअरचा सायकलस्वारही उतरतो.

आमच्या चढाईंत तसेंच घडलें. आम्ही वीरेश्वराच्या तळ्यापासून निघालों. हें तळें व तेथील महादेवाचें मंदिर नाना फडणीसांनीं बांधविलें. घाट चढण्यापूर्वीं बैलांस पाणी पाजून विसांवा घेण्याचें स्थान म्हणून त्याचा उपयोग किती मोठा असेल, तें सायकलीस पाण्याची बाटली अडकवितांना आम्हांस उमगलें. पहिलीं कांहीं वळणें तिघेही बरोबर होतों. बिनगिअरच्या सायकलीवर बसलेले गृहस्थ आम्हां तिघांत वयानें वडील. प्रथम ते बोलत होते, मग बोलणें थांबलें, मग ते पायडलांवर उभे राहिले, आणि शिंग्रोबाच्या अलीकडे मुकाट्यानें उतरून सायकल ढकलूं लागले. त्यांचें बळ सरलें नव्हतें. गणित सरलें होतें. उरलेले दोघे लहान गिअरवर, चालण्याहून फारसें जलद नव्हे अशा गतीनें, वर गेलों. श्रम कोणाचाच चुकला नाहीं. ऐंशी किलो वजन साडेचारशे मीटर उचलणें म्हणजे दहा मीटर खोल विहिरींतून दहा लिटरच्या तीनशें साठ बादल्या शेंदणें होय. तासाभरांत चढावयाचें तर दर मिनिटास सहा. गिअर या बादल्यांची संख्या कमी करीत नाहीं, दोर मात्र हातांत मावेल असा करतो. १८३० च्या वळणांनीं बैलाकरितां जें केलें, तेंच गिअर मनुष्याकरितां करतो.

यावरून आणखी एक अनुमान निघतें. पूर्वींच्या पिढींतील 'सायकलीनें घाट चढलों' या उक्तीचा अर्थ बहुधा 'अर्धा घाट सायकल ढकलीत चढलों' असा घ्यावा. यांत कमीपणा कांहीं नाहीं. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतींत १९१० मध्यें पिरेनीज पर्वतांतील तूरमाले ही सुमारें २,१०० मीटर उंचीची खिंड प्रथम घेतली गेली, तेव्हां निष्णात शर्यतपटूंनाही पायउतार व्हावें लागलें. आणि चालत्या सायकलीवर सांखळी बदलणारा गिअर वापरण्याची मुभा त्या शर्यतींत १९३७ मध्यें मिळाली. मुंबई–पुणे सायकल शर्यतींत बोरघाट सर्वांआधीं चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब देतात. घाटांच्या मुलखांत हा किताब नुसत्या वेगाचा नव्हे, तर चढाचा मान होय, हें ध्यानांत ठेवावें.

(४) लोहमार्ग व शिंग्रोबा

चढाचा हाच प्रश्न आगगाडीपुढें अधिक कठोर रूपानें आला. बोरघाटाचा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें खुला झाला. त्यांत सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढ असून सर्वांत तीव्र चढ सदतीसांत एक होता. बैल वीसांत एक चढतो, पण लोखंडी रुळांवरील लोखंडी चाक तेवढें चढूं शकत नाहीं. म्हणून तो मार्ग रस्त्यापेक्षां कितीतरी लांबवावा लागला, व मध्यें गाडीची दिशा उलटविण्याचें स्थानक करावें लागलें. या कामावर एके काळीं बेचाळीस हजारांपर्यंत मजूर होते, आणि रोगराईनें व अपघातांनीं त्यांतील पुष्कळ मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्यें तेथें येऊन थोड्याच दिवसांत वारला व त्याची पत्नी ॲलिस हिनें कामाची जबाबदारी पुढें चालविली. तिचें नांव ग्रंथांत राहिलें. मजुरांची नांवें राहिलीं नाहींत.

त्या अनामिकांचें स्मारक म्हणावें असें एकच स्थान जुन्या रस्त्यावर आहे, तें शिंग्रोबाचें देऊळ. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें साहेबांस घाटाची वाट दाखविली. बक्षीस काय पाहिजे असें विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें. तेव्हां त्यास गोळी घालण्यांत आली, अशी कथा तेथें सांगतात. ये-जा करणारे चालक आजही तेथें नाणें टाकून पुढें जातात. ही आख्यायिका आहे, कागद नव्हे. तिच्यांतील संवाद इतिहास म्हणून घेतां येणार नाहीं. तथापि तिचा गाभा चढाच्या दृष्टीनें पाहिला, तर तो निराधार वाटत नाहीं. मेंढ्यांचा कळप घेऊन वर्षानुवर्षें देश व कोंकण यांमध्यें हिंडणाऱ्या धनगरास कोणत्या सोंडेवर चढ मवाळ आहे हें जितकें ठाऊक, तितकें मोजणीयंत्र घेऊन नव्यानें आलेल्यास ठाऊक असण्याचा संभव नाहीं. कळप सरळ चढत नाहीं, तो आडव्या वळणांनीं चढतो. रस्ताही तसाच चढतो. वळणांचें हें ज्ञान कोणाचें, एवढा एक प्रश्न त्या देवळानें आपल्यापुढें जिवंत ठेवला आहे, आणि आमच्या मतें एवढ्यावरही त्याचें मोल मोठें आहे.

(५) जें राहिलें आहे तें

२००२ मध्यें मुंबई–पुणे द्रुतगति मार्ग पूर्ण झाल्यापासून बहुतेक प्रवाशांच्या दृष्टीनें बोरघाट ही थोड्या मिनिटांची बाब झाली आहे. घाटांतील १८३० चा म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल, ज्यास लोक अमृतांजन पूल म्हणत, तो एप्रिल २०२० मध्यें सुरुंग लावून पाडण्यांत आला. वाहतुकीची अडचण खरी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मालकमच्या रस्त्याची सर्वांत ठळक खूण त्यामुळें नाहींशी झाली. शिल्लक आहे तो प्रत्यक्ष चढ. तोही जेथें जेथें रस्ता रुंद व सरळ केला जातो तेथें तेथें बदलत आहे. ताम्रपट हरवला तरी त्याची नक्कल कोठें तरी सांपडण्याची आशा असते. रस्त्याचा चढ एकदां छाटला, कीं त्याची नक्कल नाहीं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, घाटांसंबंधीं जुनें पत्र वाचतांना 'वाट केली', 'रस्ता बांधला', 'घाट दुरुस्त केला' असे शब्द आले, तर ती वाट कोणासाठीं केली, हें विचारल्याखेरीज पुढें जाऊं नये. पत्रांत बैलांची संख्या, मजलांचे दिवस किंवा माल उतरविल्याचा उल्लेख असेल, तर त्यावरून चढाचें अनुमान करतां येतें. अशीं वाक्यें आजवर किरकोळ म्हणून गाळलीं गेलीं असतील, तीं पुन्हां पाहावीं. दुसरी, जुन्या घाटरस्त्यांचे चढ आहेत तोंवर टप्प्याटप्प्यानें मोजून नोंदवावे. या कामास मोठें द्रव्य नको. एक सायकल, एक वही व एक सकाळ पुरते.

तिसरी सूचना संग्राहकांस आहे. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून सर्वत्र प्रसिद्ध होतें. नगरपालिकांनीं सायकल-कराबद्दल दिलेले धातूचे बिल्ले, शर्यतींच्या पत्रिका, दुकानदारांच्या पावत्या, सुटींत घाट उतरून कोंकणांत गेलेल्या विद्यार्थ्यांच्या खर्चाच्या वह्या, हीं साधनें अद्यापि माळ्यावरच्या ट्रंकांत असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि रद्दींत जाण्याचा त्याहून अधिक. नाणीं व सनदा जपणाऱ्या हातांस पितळी बिल्ला क्षुद्र वाटेल. परंतु मोडी कागदांची गांठोडीं ज्या घरांत वाण्याच्या पुड्यांकरितां फाडलीं गेलीं, त्या घरांसही तीं तेव्हां क्षुद्रच वाटलीं होतीं.

खंडाळ्यास पोंचल्यावर आम्ही दोघे रस्त्याच्या कडेस थांबलों. कांहीं वेळानें आमचे वडील स्नेही शेवटच्या वळणावर दिसले. चढ सौम्य होतांच ते पुन्हां सायकलीवर बसले होते. कोठें उतरलां व कोठें पुन्हां बसलां, हें आम्हीं त्यांस विचारलें. त्यांनीं दोन्ही जागा वहींत टिपून ठेवल्या होत्या. भरलेली गाडी कोठें थांबत असेल व कोठें पुन्हां चालूं लागत असेल, त्याची इतकी नेमकी नोंद आम्हांस दुसऱ्या कोणत्याही साधनांत आढळली नव्हती. ती वही आम्हीं संग्रहांत ठेविली आहे.